स्नेह आणि मेद



ज्या शाळेत मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेने सरांच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला बोलवावे, हा मी माझा मोठा सन्मान समजतो. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी संतवाङ्मयावर किंवा बडोद्याच्या मराठी परंपरेवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. ‘आहार आणि रक्तातील मेद’ असे मी सांगितले, तेव्हा दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला क्षणभर शांतता पसरली. मी वैद्यकाचा पदवीधर नाही. माझी पदवी मराठीची, माझा प्रबंध मराठीचा आणि माझी सारी नोकरी मराठी शिकवण्यात गेली. मग हा अधिकारातिक्रम कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सरांच्या मृत्यूत आहे.

आपल्यापैकी जे माझ्या वयाचे आहेत, त्यांना सरांची मूर्ती आठवत असेल. काटकुळा बांधा, पांढरे धोतर, काळी टोपी आणि रावपुऱ्याच्या रस्त्याने येणारी त्यांची सायकल. सर शुद्ध शाकाहारी होते. विडी, तंबाखू, सुपारी यांतले एकही व्यसन त्यांना नव्हते. वर्गात एखादा स्थूल मुलगा डुलक्या घेऊ लागला, की ‘हलके खावे, हलके राहावे,’ असे ते हसत म्हणत. १९७२ साली हिवाळ्यात एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली. पित्त झाले असेल म्हणून घरच्यांनी सोडा दिला, पाठीला तेल चोळले. सरांनी सकाळ पाहिली नाही. त्या वेळी ते एकोणपन्नास वर्षांचे होते. स्मशानातून परतताना प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होते : ‘एवढा हडकुळा माणूस, त्याला हृदयविकार कसा होईल?’

हा प्रश्न मी पुढे अनेक वर्षे मनात वागवला. सरांचे रक्त कोणी कधी तपासले नव्हते. त्यामुळे त्यांच्यापुरते उत्तर आता कधीच मिळणार नाही. परंतु ‘हडकुळ्या माणसाला कसे होईल’ या प्रश्नाचे उत्तर मात्र नंतरच्या काळात मिळाले आहे आणि त्यातला मोठा वाटा पुण्यातील संशोधनाचा आहे. ते उत्तर आपणापुढे मांडावे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रारंभ माझ्या अधिकारातल्या गोष्टीने करतो, म्हणजे शब्दाने. ‘स्नेह’ या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत. स्नेह म्हणजे माया, आणि स्नेह म्हणजे तेल-तूप. आयुर्वेदात तेल, तूप, वसा आणि मज्जा या चारांना स्नेह म्हटले आहे. आपण वार्षिक मेळाव्याला स्नेहसंमेलन म्हणतो आणि वैद्य शरीराला तेल-तूप देण्याच्या उपचाराला स्नेहन म्हणतात. हा केवळ शब्दांचा योगायोग नव्हे. आपल्या घरांत माया व्यक्त करण्याचे मुख्य साधन तुपाची धार हेच होते. जावई आला की वाटीभर तूप, मुलगी माहेरी आली की डिंकाचे लाडू, पंगतीत ‘एक जिलबी माझ्यासाठी’ हा आग्रह.

या आग्रहाची थट्टा करण्यापूर्वी त्याचे मूळ पाहिले पाहिजे. विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० साली, गुजरातेत जो भीषण दुष्काळ पडला, तो ‘छप्पनिया’ या नावाने आजही लोकांच्या बोलण्यात आहे. १८९१ च्या जनगणनेत बडोदे संस्थानाची लोकसंख्या सुमारे चोवीस लाख होती. १९०१ च्या जनगणनेत ती साडेएकोणीस लाखांवर आली. ज्यांच्या आजी-आजोबांनी असे दिवस पाहिले, त्यांना पाहुण्याच्या पानावर तूप वाढणे म्हणजे त्याला आयुष्य वाढणे असेच वाटले असणार. आग्रह हे टंचाईचे अपत्य होते. टंचाई गेली, आग्रह राहिला. आणि आपले शरीरही अद्याप टंचाईच्याच हिशेबाने चालते आहे.

आता हा स्नेह रक्तात कसा वावरतो ते पाहू. तेल पाण्यात विरघळत नाही. रश्श्यावर तर्री तरंगते, हे आपण रोज पाहतो. रक्त हे बहुतांशी पाणी. तेव्हा मेदाला रक्तातून न्यायचे, तर प्रथिनांच्या वेष्टनात बांधून न्यावे लागते. या गाठोड्यांचे अनेक प्रकार आहेत. प्रयोगशाळेच्या कागदावर जी नावे दिसतात ती त्यांची. एलडीएल हे यकृताकडून निघालेले कोलेस्टेरॉल शरीरभर पोहोचवते. ते प्रमाणाबाहेर साठले, की रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरते, तेथे दाह होतो, आणि वर्षानुवर्षे पुट चढत जाते. एके दिवशी ते पुट फुटते, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा थांबतो. एचडीएल हे उलट दिशेने, जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेण्याच्या कामी येते. आणि ट्रायग्लिसराइड्स हा आपला साठवणीचा मेद. अंगावरची चरबी मुख्यत्वे तीच.

यकृत रक्तातले एलडीएल कसे ओढून घेते, याचा उलगडा मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी केला. त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे ग्राहक असतात. साय, लोणी, तूप, खोबरेल, पामतेल यांतील संपृक्त मेद जास्त झाला, की या ग्राहकांचे काम मंदावते आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. डाळी, ओट, फळे, भाज्या यांतील चोथा आणि शेंगदाणा, तीळ, मोहरी यांच्या तेलांतील असंपृक्त मेद यांचा परिणाम उलटा होतो.

सर्वांत अहितकारक ठरला तो मात्र निसर्गाचा नव्हे, कारखान्याचा मेद. तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट केले की वनस्पती तूप होते. १९३७ पासून डालडा या नावाने ते घराघरांत गेले. आमच्या लहानपणी त्याच्या रिकाम्या पिवळ्या डब्यात तुळस लावलेली असे. या प्रक्रियेत जो ट्रान्स मेद तयार होतो, तो एलडीएल वाढवतो आणि एचडीएल कमी करतो. स्वस्त तूप म्हणून ज्या आईने मुलांना ते खाऊ घातले, तिचा काय दोष? तिला कोणी सांगितलेच नव्हते. भारतात तेल-तुपातील ट्रान्स मेदावर दोन टक्क्यांची मर्यादा आली ती १ जानेवारी २०२२ पासून.

इथवर ऐकून आपल्याला वाटेल की तूप आणि वनस्पती सोडले की झाले. मलाही तसेच वाटत असे. २००९ साली, निवृत्तीच्या उंबरठ्यावर, मी प्रथमच रक्ताची सविस्तर तपासणी केली. माझे वजन छप्पन्न किलो होते. कागदावर ट्रायग्लिसराइड्स ३१० लिहिले होते. ते १५० च्या आत असावे लागतात. एचडीएल होते ३१. पुरुषांत ते चाळीसच्या वर हवे. उपाशीपोटीची साखर ११८, म्हणजे मधुमेहाच्या दारात. मी शेजारच्या डॉक्टरांना अभिमानाने म्हणालो, ‘तूप मी पंधरा वर्षांपूर्वीच सोडले आहे.’ ते म्हणाले, ‘चहा किती घेता?’ दिवसाला सहा कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. सोबत खारी नाहीतर टोस्ट. दुपारी गोड वरण आणि भाताचा डोंगर. संध्याकाळी लिला चिवडा किंवा शेव. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि राजगिऱ्याचा लाडू. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवावरूनच केली असणार. डॉक्टर म्हणाले, ‘सर, तुम्ही तूप सोडलेत, पण तुमचे यकृत रोज साखरेपासून तूप कढवते आहे.’

हे वाक्य त्यांनी विनोदाने म्हटले, तरी ते शास्त्रतः खरे आहे. साखर, मैदा, पांढरा भात, साबुदाणा यांतून गरजेपेक्षा अधिक पिष्ट आणि शर्करा पोटात गेली, की यकृत त्यांचे रूपांतर मेदात करते आणि ट्रायग्लिसराइड्सच्या रूपाने रक्तात सोडते. त्याबरोबर एचडीएल घटते. आपल्या देशात हाच नमुना अधिक दिसतो. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत जे रक्त तपासले गेले, त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. शंभरांतील बहात्तर जणांचे एचडीएल कमी होते आणि सुमारे तिसांचे ट्रायग्लिसराइड्स जास्त होते. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले मात्र चौदाच होते. म्हणजे नुसते ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे’ या शब्दांनी आपण निर्धास्त होऊ शकत नाही.

आता हडकुळेपणाच्या प्रश्नाकडे येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षे मधुमेहावर काम करीत आले. पाश्चात्त्य पुस्तकांत मधुमेही माणूस वयस्क आणि लठ्ठ असे; त्यांच्यापुढे येणारे रुग्ण तरुण आणि सडपातळ होते. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच एक छायाचित्र छापले. दोघे शेजारी उभे. उंचीच्या प्रमाणात वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही २२.३, अगदी सारखा. परंतु शरीरातील चरबी मोजली, तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या अंगात ती ९.१ टक्के भरली आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच सांगत होता. शरीरे मात्र निराळी होती. आपल्याकडे स्नायू कमी आणि मेद जास्त, आणि तो मेदही पोटात, यकृताभोवती. असे शरीर इन्शुलिनला दाद देत नाही. त्यातून साखर वाढते, ट्रायग्लिसराइड्स वाढतात, एचडीएल घटते. यालाच ‘बारीक पण मेदयुक्त’ भारतीय शरीर म्हणतात.

हे कधीपासून घडते? त्याचा शोध १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू झाला. इंग्लंडमधील साउदम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी असा विचार मांडला होता, की हृदयविकाराची मुळे गर्भावस्थेतील पोषणात असतात. तो विचार या खेड्यांत पडताळून पाहण्यात आला. तेथील शेतकरी माता सरासरी ४२ किलोंच्या. त्यांची नवजात बाळे सरासरी २.७ किलोंची. साउदम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. वजन, स्नायू, पोटातील अवयव, सारे काही पुण्याच्या बाळांत कमी होते. मात्र पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बाळ जन्मतःच ‘बारीक पण मेदयुक्त’ होते. ज्या मातांनी गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेतले, त्यांची बाळे अधिक चांगल्या वजनाची होती. तसेच मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते.

सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक जन्मजात आणि दुसरा अपथ्याने होणारा. पुण्याच्या संशोधनाने जणू या दोहोंमधली भिंत पाडली. अर्धपोटी आईच्या उदरात घडलेले शरीर पुढे भरल्या ताटापुढे येऊन बसते, तेव्हा जन्म आणि अपथ्य एकत्र येतात. २००४ साली ‘इंटरहार्ट’ या बावन्न देशांतील अभ्यासाचे निष्कर्ष आले. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचे मधले वय दक्षिण आशियात त्रेपन्न, तर इतरत्र जवळजवळ एकोणसाठ आढळले. सर एकोणपन्नाशीत गेले. ते अपवाद होते असे आता मला वाटत नाही.

मित्रहो, हे ऐकून निराश होऊ नये. त्याच अभ्यासाने असेही दाखवले, की झटक्याच्या धोक्याचा सुमारे नव्वद टक्के भाग बदलता येण्याजोग्या नऊ कारणांत आहे. रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण आणि धूम्रपान ही त्यांतली सर्वांत मोठी. त्यानंतर रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा आणि व्यायामाचा अभाव इत्यादी. जन्म आपल्या हाती नाही. पान आपल्या हाती आहे आणि पायही.

व्यायामाचे म्हणाल, तर बडोद्याने तो कोणाकडून शिकायला नको. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि राजरत्न माणिकराव ही नावे या शहराची भूषणे आहेत. ‘कमावलेले अंग’ या शब्दप्रयोगातील ‘कमावणे’ हे क्रियापद मला फार अर्थपूर्ण वाटते. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. ज्याने स्नायू कमावले नाहीत, त्याची साखर यकृताकडे वळते आणि मेद होते. कमाटीबागेतली रोजची चाल हा माझ्यासारख्याचा आखाडा.

माझेच पुढचे सांगतो, कारण त्यात माझी चूकही आहे. चहातली साखर सोडली, भात निम्मा केला, उसळ आणि पालेभाजी वाढवली, रोज पाऊण तास चालू लागलो. आठ महिन्यांत ट्रायग्लिसराइड्स १६० वर आले. एलडीएल मात्र तेवढ्याने उतरले नाही, म्हणून डॉक्टरांनी स्टॅटिन वर्गातील गोळी दिली. या औषधांचे मूळ अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाला १९७० च्या दशकात एका बुरशीत सापडले. २०१३ साली एका स्नेह्याने मला सांगितले, की एवढे पथ्य पाळणाऱ्याला गोळीची गरज काय? मी डॉक्टरांना न विचारता गोळी बंद केली. २०१५ च्या उन्हाळ्यात बागेत चालताना छाती आवळून आली. मला सर आठवले. मी सोडा मागितला नाही. १०८ क्रमांकाची गाडी मागवली. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत जाळी बसवावी लागली. आज मी आपल्यापुढे उभा आहे, तो सरांच्या त्या एका रात्रीच्या आठवणीमुळे. पथ्य आणि औषध ही सख्खी भावंडे आहेत. एकासाठी दुसऱ्याला घराबाहेर काढू नये.

आता शेवटचे मागणे. सरांनी आमच्याकडून कधी गुरुदक्षिणा घेतली नाही. त्यांच्या वतीने ती मी आज मागतो.

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने, तो कितीही सडपातळ असो, या वर्षात रक्तातील मेद, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. ज्यांच्या घरात कोणी अकाली गेले असेल, त्यांनी चाळिशीची वाट पाहू नये. कमरेला मोजपट्टी लावावी. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० ओलांडत असेल, तर वजनकाट्यावर विश्वास ठेवू नये. छातीतील कळ पित्ताची आहे असे घरच्या घरी ठरवून रात्र काढू नये.

दुसरे मागणे गृहिणींकडे आणि गृहस्थांकडेही. माणशी दिवसाला चार-पाच लहान चमचे तेल-तूप पुरते. त्यात फोडणीही आली आणि तळणही. चमचाभर तुपाला मी शत्रू म्हणत नाही. परंतु तूप, साखर, मैदा आणि आग्रह हे चौघे एका पंगतीला नकोत. ज्वारी-बाजरीची भाकरी, मुगाची उसळ, मेथी, ताक आणि कोशिंबीर हे आपले जुने ताट काही गरिबीचे लक्षण नव्हे.

तिसरे मागणे शाळेकडे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. या सभागृहात मागच्या रांगांत नववी-दहावीच्या मुली बसल्या आहेत. पुण्याच्या खेड्यांनी आपल्याला जे शिकवले त्याचा अर्थ असा, की २०५० किंवा २०६० साली कोणाचे हृदय निरोगी असेल, हे या मुली आज डब्यात काय आणतात त्यावरही ठरणार आहे. आपल्या घरांत मुलीच्या पानावर शेवटी आणि कमी वाढण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. मुलगे तुपाने आजारी पडतात आणि मुली उपासाने. आणि दोन्ही आजार पुढल्या पिढीच्या रक्तात एकत्र होतात. माजी विद्यार्थी संघाने या स्मृतिनिधीतून मुलींच्या रक्ततपासणीची आणि दूध, फळ, पालेभाजी यांची काही व्यवस्था केली, तर सरांचे याहून उचित स्मारक मला सुचत नाही. आरंभ म्हणून माझ्या या व्याख्यानाचे मानधन मी त्या कामासाठी शाळेच्या स्वाधीन करतो.

व्याख्यानानंतर अल्पोपाहाराची व्यवस्था आहे, असे चिटणीसांनी मला सांगितले आहे. नेहमीच्या जिलबीऐवजी आज पेरूच्या फोडी आणि मोड आलेले मूग ठेवावेत, अशी विनंती मी केली होती आणि त्यांनी ती मान्य केली. ते कोणाला रुचले नाही, तर दोष माझा. परंतु वाढणाऱ्याने एकदा विचारावे आणि घेणाऱ्याने ‘पुरे’ म्हटले की थांबावे. स्नेह माणसामाणसांत वाढावा. रक्तात तो बेताचाच असावा.

 सरांच्या स्मृतीला वंदन करून मी आपली रजा घेतो.